वॅगनआरमध्ये अ‍ॅम्प बसवल्यावर रेसबरोबर शिट्टी वाजते आणि बेस वाढवला की लाल लाइट, काय करू?

फोंडा_वॅगनआर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको. गाडी वॅगनआर, स्टिरिओ बाहेरचा अँड्रॉइडवाला, मागे आरसीए आउट (गाण्याचा सिग्नल बाहेर देणारी जोडणी) आहेत. गेल्या महिन्यात चार चॅनलचा अ‍ॅम्प घेतला, क्लास एबी, कागदावर ४ ओहमला ६० वॅट आरएमएस (सतत मिळणारी खरी पॉवर) गुणिले चार, आणि दोन चॅनल ब्रिज केले (जोडून एक केले) तर ४ ओहमला १७० वॅट. अ‍ॅम्पच्या अंगावर २५-२५ अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. एक-दोन चॅनलवर पुढच्या दारातले कॉम्पोनंट (ट्वीटर वेगळा असलेले स्पीकर), तीन-चार ब्रिज करून डिकीत १० इंची सबवूफर, ड्युअल व्हॉइस कॉइल, म्हणजे आत दोन कॉइल, ४ अधिक ४ ओहम.

फिटिंग दुकानातच करून घेतलं. आता त्रास असा की इंजिन बंद असताना गाणं एकदम स्वच्छ, इंजिन चालू केलं की पुढच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी यायला लागते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती शिट्टी पण वर चढते, गियर बदलला की खाली येते. दुसरं म्हणजे आवाज थोडा मोठा करून बेस आला की अ‍ॅम्पचा लाल लाइट लागतो आणि सगळं बंद, मग चार-पाच सेकंदांनी परत चालू. डिकीतली प्लसची वायर पण हाताला गरम लागते. दुकानवाला म्हणतो अ‍ॅम्प लहान पडतो, मोठा घ्या, नाहीतर कपॅसिटर लावा. दुकानाचं नाव घेत नाही, वाद नको.

मी गाडीत मुख्यतः भजनं ऐकतो, आणि आमच्या वाड्यावरच्या घुमट (मातीचं तालवाद्य) आरत्यांचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, चांगल्या माइकवर केलेलं. घुमटाचा तो पोटातला आवाज आणि वर झांज, दोन्ही नीट ऐकायला मिळावं एवढ्यासाठी हा सगळा खर्च केला. चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी) नीट व्हावं अशी फार इच्छा आहे. नवीन अ‍ॅम्प घ्यायचा का खरंच?

म्हापसा_१२व्होल्ट

बाब, शिट्टीसाठी ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, आरसीएच्या मध्ये लावायचा, स्वस्तात काम होतं. माझ्या आय२० मध्ये लावलाय, शिट्टी गेली. आणि कपॅसिटर एक फॅरडचा लावून बघायला हरकत नाही, बेसला करंट ओढतो तेव्हा हेडलाइट मंद होत असतील तर फरक पडतो.

वायरमन_साखळी

आयसोलेटर आणि कपॅसिटर दोन्ही आत्ता नको. म्हापसेकरांनी सांगितलं ते चुकीचं म्हणत नाही, आयसोलेटरने शिट्टी जाते हे खरं, पण तो आत एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो आणि स्वस्तातला असेल तर खालचा बेसच कापतो, म्हणजे ज्या घुमटासाठी तू हे सगळं केलंस तेच जाणार. आणि कपॅसिटर करंट तयार करत नाही, क्षणभर साठवून देतो, वायर आणि ग्राउंड (बॉडीला जोडलेला मायनस) खराब असेल तर त्याला भरायला पण तीच खराब वायर आहे.

शिट्टी रेसबरोबर चढते म्हणजे ती अल्टरनेटरची. अल्टरनेटर आतून एसी बनवतो, डायोड त्याचा डीसी करतात, पण थोडी लहर शिल्लक राहतेच. स्टिरिओचं ग्राउंड आणि अ‍ॅम्पचं ग्राउंड यांच्यात व्होल्टेजचा फरक असला की ती लहर आरसीए वायरीच्या बाहेरच्या जाळीवरून वाहते आणि अ‍ॅम्प तिला गाणं समजून मोठी करतो. म्हणून आधी ग्राउंड बघायचं.

नवीन अ‍ॅम्प अजिबात घेऊ नको. मला एवढं सांग:

बॅटरीच्या प्लसजवळ मोठा फ्यूज आहे का, आणि टर्मिनलपासून किती अंतरावर?
अ‍ॅम्पची काळी वायर बॉडीला कुठे बांधलीय, खालचा रंग खरवडलाय का?
वायरचं टोक सोलून चाकूने एक तार खरवड, आत तांबडी आहे का पांढरी?
सबच्या दोन्ही वायरी अ‍ॅम्पवरून काढ आणि मीटरने त्यांच्यातला ओहम बघ.

आणि मीटर असेल तर इंजिन चालू, गाणं जरा मोठ्याने लावून तीन ठिकाणी डीसी व्होल्ट घे. पहिलं बॅटरीच्या दोन टोकांवर. दुसरं अ‍ॅम्पच्या प्लस-मायनसवर. तिसरं महत्त्वाचं, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन अ‍ॅम्पच्या मायनस स्क्रूला, पिनची वायर पुरत नसेल तर कुठलीही लांब वायर जोडून घे. हे तिसरं रीडिंग ०.१, फार तर ०.२ व्होल्ट यायला हवं. त्याच्यावर गेलं तर ग्राउंडमध्ये घोळ आहे हे नक्की.

पेडणे_ते_पणजी

मी पण बघत बसतो हे, माझ्या गाडीत असंच आहे, फक्त शिट्टी हळू आहे.

फोंडा_वॅगनआर

वायरमनदादा, आज दुपारी सीट उचलून सगळं बघितलं. सांगतो तसं.

बॅटरीजवळ फ्यूज नाहीच. प्लसची वायर टर्मिनलच्या नटाखाली सरळ दाबलीय आणि तिथून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत. जिथून आत जाते तिथे रबर नाही, पत्र्याला भोक पाडून तशीच ओढलीय, भोकाच्या कडेला वायरचं लाल कव्हर घासून पांढरट पडलंय.

ग्राउंड मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली आहे. रंग खरवडलेला नाही, बोल्ट सैल केला तर लगच्या (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) खाली गाडीचा रंग चकचकीत दिसतो.

तार वरून तांबडी आहे, खरवडली की आत पांढरी.

सबच्या दोन वायरींत १.८ ओहम आलं.

व्होल्ट: बॅटरीवर १४.१, अ‍ॅम्पवर बेस वाजताना १२.३, आणि ते तिसरं १.१.

वायरमन_साखळी

हे वाचल्या वाचल्या पहिलं काम कर, बॅटरीवरून अ‍ॅम्पची प्लस वायर काढून टाक आणि टोकाला टेप गुंडाळ. आजच. बाकीचं नंतर वाच.

फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो, ही गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी फिटरना कळत नाही आणि मला त्याचा खरोखर राग येतो. अ‍ॅम्पवरचे २५-२५ चे फ्यूज अ‍ॅम्पला सांभाळतात, पण बॅटरीपासून डिकीपर्यंत जी वायर जाते तिला कोण सांभाळणार? ते घासलेलं कव्हर उद्या फाटलं आणि तांबं पत्र्याला टेकलं तर बॅटरी शेकडो अँपिअर त्या वायरीतून ढकलते, वायर लालबुंद होते, कार्पेटखाली, सीटखाली. गाडीची चावी काढलेली असली तरी. अ‍ॅम्प बंद असला तरी. म्हणून मेन फ्यूज प्लस टर्मिनलपासून १८ इंचांच्या आत, जितका जवळ तितका बरा.

आता तुझी रीडिंग. बॅटरीवर १४.१ आणि अ‍ॅम्पवर १२.३, म्हणजे १.८ व्होल्ट वाटेत गेले. त्यातले १.१ ग्राउंडमध्ये, उरलेले ०.७ प्लसच्या वायरीत. डिकीतली वायर गरम लागते ती ह्याच्यामुळेच, जे अ‍ॅम्पला मिळायला हवं ते वायर खातेय. आत पांढरी आहे ती सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिची करंट वाहायची ताकद त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण ६० टक्के. वर लिहिलेलं गेज (वायरची जाडी) पण पुष्कळदा कव्हरच्या जाडीने भरलेलं असतं. उलट वरून पांढरी आणि खरवडल्यावर आत तांबडी निघाली तर ती टिनचं तांबं, ती उत्तम, आपल्या समुद्राच्या हवेत तीच टिकते. हे दोन लोक उलटसुलट समजतात म्हणून लिहिलं.

सीटबेल्टचा बोल्ट ग्राउंडला कधीच वापरायचा नाही. एक तर त्याला कारखान्यातून लॉकिंगचं चिकट लावलेलं असतं, रंग असतो, करंट नीट जात नाही. दुसरं, तो बोल्ट माणसाचा जीव धरून ठेवायला दिलाय, त्याच्याखाली लग घालून तो अर्धवट आवळायचा नसतो. तो पूर्वीसारखा बसवून सर्व्हिस सेंटरमध्ये टॉर्कने आवळून घे.

आणि १.८ ओहम. सबच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्यात. ४ ओहमची कॉइल मीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवते, पॅरललला त्याच्या निम्मं. म्हणजे तुझा ब्रिज केलेला अ‍ॅम्प २ ओहमवर चाललाय, कागदावर ब्रिजला ४ ओहम लिहिलंय त्याच्या खाली. लाल लाइट लागतो तो अ‍ॅम्प लहान आहे म्हणून नव्हे, स्वतःला वाचवतोय म्हणून. कॉइल सिरीजमध्ये जोड, पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला, उरलेली दोन टोकं अ‍ॅम्पला. ८ ओहम होईल. पॉवर कमी होईल, १२० वॅटच्या आसपास मिळेल, पण गाडीच्या आत १० इंचीला १२० खरे वॅट भरपूर झाले.

म्हापसा_१२व्होल्ट

फ्यूजच नाही हे ऐकून अंगावर काटा आला. वायरमन बाब, वायर कुठली घ्यायची ते पण सांगा, ऑनलाइन किटवर विश्वास राहिला नाही.

वायरमन_साखळी

हिशोब असा करायचा. ६० गुणिले ४ म्हणजे २४० वॅट बाहेर. क्लास एबी अ‍ॅम्प साधारण निम्मं उष्णतेत घालवतो, म्हणजे आत जवळजवळ चारशे ऐंशी वॅट, भागिले १३.८, पस्तीसेक अँपिअर. क्लास डी असता तर बावीस-तेवीसमध्ये भागलं असतं. अ‍ॅम्पचे फ्यूज मिळून ५० चे आहेत म्हणून मेन फ्यूज ६० चा.

वायरीला खरं ८ गेज तांबं पण चाललं असतं, ते ८.४ स्क्वेअर एमएम येतं. पण डिकीपर्यंत लांबी आहे, मी ४ गेज सांगेन, २१ स्क्वेअर एमएम. तो आकडा घेऊन ऑडिओच्या दुकानात जाण्यापेक्षा हार्डवेअरवाल्याकडे जा आणि २५ स्क्वेअर एमएम तांब्याची वेल्डिंग केबल माग, लवचिक असते, तारा बारीक असतात. फक्त आधी टोक खरवडून बघ, वेल्डिंग केबल पण अ‍ॅल्युमिनियमची मिळते. अ‍ॅम्पच्या स्क्रूच्या भोकात एवढी जाड जात नसेल तर टोकाला पिन लग लाव, तारा कापून बारीक करू नको.

लग क्रिंपिंग टूलने दाबून घे, पक्कडीने चेपलेला लग पावसाळ्यात हिरवा पडतो. वरून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). ग्राउंडची वायर पण तेवढीच जाड, आणि लांबी दीड फुटाच्या आत. डिकीत बॉडीला वेल्ड झालेला जाड पत्रा शोध, रंग पूर्ण काढून लखलखीत धातू दिसेपर्यंत घास, दातेरी वॉशर, बोल्ट, नट, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन नाहीतर रंग. भोक पाडणार असशील तर आधी गाडीखाली वाकून बघ, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा पाइप तिथेच कुठेतरी असतात.

काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा, शेवटी लावायचा. सीटखाली पिवळ्या कनेक्टरला हात लावू नको, ते एअरबॅगचं.

ताळगाव_आवाज

वायरमन म्हणाले त्यात गोव्यासाठी दोन गोष्टी घालतो. पावसाळ्यात स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात पाणी साचतं, कुणाच्या टेललाइटच्या रबरातून येतं, कुणाच्या डिकीच्या दारातून. त्यामुळे अ‍ॅम्प डिकीच्या तळाला आडवा टाकू नका, सीटच्या पाठीला प्लायवर उभा लावा, हवा पण खेळते. पहिल्या पावसानंतर कार्पेट उचलून हात लावून बघा ओलं आहे का.

दुसरं उंदीर. जून ते सप्टेंबर बाहेर पाणी म्हणून ते बॉनेटखाली येतात, आमच्याकडे सगळ्या शेजाऱ्यांच्या गाड्यांना हा त्रास आहे. बॉनेटमधली सगळी प्लस वायर प्लॅस्टिकच्या नळीदार कंड्युटमध्ये घाला. उंदराने कव्हर कुरतडलं आणि फ्यूज नसेल तर काय होईल ते वर आलंच आहे.

डिचोली_टिप्पर

एक विचारू का, विषय थोडा वेगळा. आमचा टिप्पर २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्या. ड्रायव्हरने १२ व्होल्टचा अ‍ॅम्प खालच्या एका बॅटरीवरून जोडलाय, चालतोय, पण एक बॅटरी सारखी बसते.

वायरमन_साखळी

त्याच्यामुळेच बसते. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये एकत्र चार्ज होतात, अल्टरनेटरला माहीतच नाही की एकीतून जास्त काढलंय. खालची कायम उपाशी राहते आणि वरची जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, शेवटी दोन्ही जातात. २४ चा १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून जोडायचा, अ‍ॅम्पला लागणाऱ्या अँपिअरपेक्षा मोठा घ्यायचा. इनपुटला फ्यूज.

फोंडा_वॅगनआर

झालं काम! माझा भाऊ मदतीला होता, पूर्ण रविवार गेला. जुनी वायर सगळी उपटून टाकली, बाहेर काढताना बघितलं तर फायरवॉलच्या कडेला तांबं दिसायला लागलं होतं, आणखी थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं विचार करवत नाही. नवीन वेल्डिंग केबल गाडीच्या मूळ वायरिंगच्या रबर ग्रोमेटमधून नेली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ६० चा फ्यूज, ग्राउंड डिकीत रंग घासून, सब सिरीजमध्ये.

आता बॅटरीवर १४.१ आणि अ‍ॅम्पवर १३.८. ग्राउंडचं रीडिंग ०.१. मीटरवर ते बघून इतकं बरं वाटलं. लाल लाइट अजिबात लागत नाही. शिट्टी पण जवळजवळ गेली, पण गाणं बंद करून कान लावला तर अगदी बारीक अजून आहे. आरसीए प्लसच्याच बाजूने जातात, ते कारण असेल?

वायरमन_साखळी

असू शकेल. आरसीए दुसऱ्या बाजूच्या उंबरठ्यातून घे, प्लसला ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांड. त्याच्याआधी एक तपासणी, अ‍ॅम्प बंद करून आरसीए अ‍ॅम्पकडून काढ आणि मग इंजिन चालू कर. शिट्टी गेली तर ती आरसीए नाहीतर स्टिरिओकडून येते, राहिली तर अजून पॉवरमध्ये आहे. आरसीए काढणं-घालणं नेहमी सगळं बंद असताना. चालू असताना काढल्या-घातल्याने काही स्टिरिओंच्या आतला आरसीएचा ग्राउंड उडतो. तसा संशय असेल तर स्टिरिओच्या बॉडीपासून एक वायर आरसीएच्या बाहेरच्या रिंगला टेकवून बघ, शिट्टी बंद झाली तर तेच कारण.

पेडणे_ते_पणजी

माझी शिट्टी ह्या शेवटच्या टेस्टने सापडली, रिंगला वायर टेकवली आणि एकदम शांत. मी उगाच अ‍ॅम्पच्या मागे लागलो होतो. देव बरें करूं वायरमन बाब.

फोंडा_वॅगनआर

आरसीए ड्रायव्हरच्या बाजूने नेले, शिट्टी पूर्ण गेली. आता गेनचं सांगा, दुकानवाल्याने तो अर्ध्यावर ठेवलाय आणि बेस बूस्ट पूर्ण.

वायरमन_साखळी

बेस बूस्ट शून्यावर आण आणि तिथेच ठेव. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओतून येणारा सिग्नल अ‍ॅम्पला किती मोठा समजायचा ते त्याने ठरतं. जास्त ठेवला तर लहर वरून कापली जाते आणि ट्वीटर जळतात.

स्पीकर आणि सब काढून ठेव. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, व्हॉल्यूम तीन चतुर्थांश. टेस्ट टोन मोबाइलवर मिळतो. मीटर एसी व्होल्टवर. व्होल्ट किती हवेत ते वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ: पुढच्यांना ६० गुणिले ४ म्हणजे २४०, वर्गमूळ साडेपंधरा. सबला १२० गुणिले ८ म्हणजे ९६०, वर्गमूळ ३१. गेन शून्यापासून हळू वर आण, तेवढे व्होल्ट आले की थांब. सबला ५० हर्ट्झचा टोन. पुढच्यांना सगळे १००० हर्ट्झ सांगतात, पण आपल्याकडचा दोन-चारशे रुपयांचा मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचा नसतो, म्हणून २०० चा टोन घे, आणि मोजताना पुढचा हायपास (खालचा बेस अडवणारा फिल्टर) बंद ठेव.

मग सगळं परत जोड, पुढच्यांना हायपास ८० हर्ट्झ, सबला लोपास (वरचा आवाज अडवणारा फिल्टर) ८०, आणि तुझं रेकॉर्डिंग लाव. घुमट मागून डिकीतून येतोय असं वाटलं तर सबचा फेज स्विच (सबची लहर उलटी करणारा) उलटा करून बघ, जिकडे समोरून भरून येईल तिकडे ठेव. झांज टोचत असेल तर सबला हात न लावता पुढच्यांचा गेन किंचित कमी कर.

फोंडा_वॅगनआर

केलं. फेज उलटा केल्यावर घुमट डॅशबोर्डवर आल्यासारखा झाला, आमच्या वाड्यावरचे काका गाडीत बसून आरती पूर्ण ऐकूनच उतरले. पुढच्यांचा गेन जरा कमी केला, झांज आता टोचत नाही. मनापासून आभार सगळ्यांचे.

वायरमन_साखळी

वा, छान. पंधरा-वीस दिवसांनी फ्यूज होल्डरचे आणि ग्राउंडचे नट परत एकदा आवळ, नवीन लग दबून थोडा सैल होतो. आणि तिसरं रीडिंग पाऊस संपल्यावर परत घे, ०.१ चं ०.३ झालं असेल तर ग्राउंड उघडून घासायचा.